सुधाकर पुढे गेला नव्हता

माझ्या आजाराविषयी मी आजवर दोनदा चारचौघांत बोललो आहे. एकदा इथल्या हॉस्पिटलच्या सपोर्ट ग्रुपमध्ये आणि एकदा आपल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या मेळाव्यात. दोन्ही वेळा मी सांगितलं की मला पहिली फिट डोंगरावर, स्कीइंगच्या दिवशी आली आणि त्याआधी काहीच लक्षण नव्हतं. मेळाव्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी नंतर फोन करून सांगितलं की माझं ऐकून त्यांच्या दिरांनी डॉक्टर गाठला. त्यांचं भलं झालं, पण मी सांगितलेलं खरं नव्हतं.

खरं हे आहे की त्या दिवसाच्या आधी दीडेक वर्ष मला एपिलेप्सी होती आणि मला ते माहीत होतं. माझा मित्र सुधाकर त्या दिवशी त्या डोंगरावर मरण पावला. त्याच्या मरणाबद्दल त्याच्या बायकोची, मुलाची आणि आपल्या सगळ्या लोकांची जी समजूत झाली, ती माझ्या एका वाक्यामुळे झाली. ते वाक्य दुरुस्त करायला हे लिहितो आहे. ज्यांना हा आजार आहे, किंवा ज्यांच्या घरात आहे, त्यांना वाटेत काही उपयोगाचं सापडलं तर त्यांनी ते घ्यावं.

झाडांतला उतार

सुधाकर सांगलीचा, मी अकोल्याचा. १९६५ साली आम्ही एकाच विद्यापीठात शिकायला आलो, डोंगराळ मुलखात. पहिल्या हिवाळ्यात वसतिगृहातल्या कुणाच्या तरी जुन्या स्की मागून घेतल्या आणि दिवसभर पडत राहिलो. पुढे दोघांनाही सिएटलजवळच्या विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली. रेडमंडमध्ये सॉफ्टवेअरवाली मंडळी यायच्या कितीतरी आधी आम्ही तिथे घरं केली. मुलं झाली, मोठी झाली, आम्ही निवृत्त झालो. हिवाळ्यातला आठवड्याचा एक दिवस मात्र डोंगराचाच राहिला.

सुधाकरची बायको शालिनी म्हणायची, "चाळीस वर्षं झाली, अजून दोघं घसरगुंडी खेळतायत."

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रिसॉर्टवर मशीनने सपाट केलेले रुंद उतार असतात. तिथे घरची मंडळी, नवशिके, सगळे असतात. त्यांच्या बाजूला काळ्या चौकटीची खूण लावलेले उतार असतात, ते फक्त तरबेज माणसांसाठी. आणि त्यांच्याही पलीकडे जंगल. उंच फर वृक्षांच्या मधून, कुणी न दाबलेल्या, मांडीएवढ्या बर्फातून उतरायचं. तिथे आवाज नसतो. स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येतो. झाडाकडे बघायचं नाही, दोन झाडांमधल्या फटीकडे बघायचं. नजर जिथे जाते तिथेच स्की जातात. मी आयुष्यात जे काही शिकलो त्यात मला हे सगळ्यात चांगलं जमत होतं.

त्यातला धोका झाडाशी आपटण्याचा असतो असं लोकांना वाटतं. खरा धोका वेगळा आहे. फरच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ घट्ट बसत नाही. वरून सगळं सारखंच दिसतं, पण खाली भुसभुशीत खड्डा असतो. माणूस त्यात डोक्याकडून गेला की पाय वर अडकतात, तोंडाशी बर्फ येतं आणि एकट्याने बाहेर पडता येत नाही. शेजारी कुणी असेल तर मात्र ओढून काढता येतं. म्हणून झाडांत कधी एकट्याने जायचं नाही, आणि दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. थोडं उतरायचं, थांबायचं, हाक मारायची, ओ आली की पुढे. हा नियम सुधाकर माझ्यापेक्षा जास्त पाळायचा. हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितो आहे.

गोळ्या

२००४च्या उन्हाळ्यात मी स्वयंपाकघरात दूध तापवत उभा होतो. अचानक भाजलेल्या खोबऱ्याचा वास आला. पोटातून काहीतरी वर सरकलं. पुढचं आठवतं ते हे की दूध उतू जाऊन शेगडीवर पसरलं होतं आणि माझी बायको निर्मला म्हणत होती, "अहो, समोर उभे राहून उतू घालवलंत?" मी हसून टाकलं.

नंतर महिन्या-दोन महिन्यांनी तसंच होत राहिलं. आधी तो वास, मग थोडा वेळ काहीच नाही, मग परत मी. एकदा गाडी चालवताना वास आला. कसाबसा कडेला घेतली. त्या दिवशी मी नाशिकला फोन केला. माझा आतेभाऊ अनंता तिथे डॉक्टर आहे.

त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मनोहर, ह्या फिट्स आहेत. आडवं पडून हातपाय झाडले म्हणजेच फिट असं नसतं. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा."

"जातो. तोपर्यंत काही देता येईल का?"

"तोपर्यंत म्हणजे किती दिवस?"

"लवकरच जातो रे."

अनंताला मी आजही दोष देत नाही. त्याने दर फोनवर विचारलं. मी दर वेळी अपॉइंटमेंट घेतल्याचं सांगितलं.

इथे राहणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे औषधं बॅगेतून येतात. कुणी ना कुणी पुण्या-मुंबईहून येतच असतं. मेतकूट आणि गोड्या मसाल्याच्या पिशव्यांमध्ये एक डबा गोळ्यांचा. इथल्या डॉक्टरला पत्ता नाही, इन्शुरन्सला नाही, आणि लायसन देणाऱ्या खात्याला नाही. इथे गाडी गेली की माणूस घरात बसला. निर्मलाला मी सांगितलं की अनंताने पाठवलेल्या गोळ्या चक्करेसाठी आहेत.

लायसनची भीती होती हे खरं. आणखी एक होतं. माझी एक मावशी अकोल्याला आमच्याकडेच असायची. तिला फिट आली की कुणीतरी चप्पल आणून तिच्या नाकाशी धरायचं आणि आम्ही पोरं दारातून बघायचो. शुद्धीवर आली की ती आधी पदर सारखा करायची. त्या रांगेत मला बसायचं नव्हतं.

पण ह्या दोन्हींपेक्षा मोठं कारण तिसरंच होतं. सुधाकरला कळलं असतं तर त्याने मला झाडांत नेलं नसतं.

२००५च्या डिसेंबरात रेडमंडचा अमेय नावाचा इंजिनियर पुण्याहून परत येणार होता. माझा डबा त्याच्या सामानात होता. त्याचं व्हिसा स्टॅंपिंग मुंबईत अडकलं आणि त्याने तिकीट पुढे ढकललं. माझ्याजवळच्या गोळ्या संपत आल्या होत्या. मी त्या अर्ध्या करून घ्यायला लागलो.

तो दिवस

जानेवारीत एका रात्री खूप बर्फ पडलं. सकाळी सुधाकर गाडी घेऊन दारात.

"मन्या, चल. आज झाडांत नुसतं लोणी आहे."

डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर बसलो असताना मला तो खोबऱ्याचा वास आला. क्षणभरच आला आणि गेला. सुधाकर बोलत होता, मी गप्प होतो.

"काय रे? निर्मलाशी भांडून आलायस का?"

"नाही. थंडी आहे."

"थकला असशील तर आज सरळ सपाट उतारावरून जाऊ. माझ्या गुडघ्यालाही बरं."

तो असं म्हणाला. त्याने मला मोकळी वाट करून दिली होती. मी म्हणालो, "सुध्या, म्हातारा झालास तू. तुला काठी आणून देऊ का?"

तो हसला आणि आम्ही झाडांत शिरलो.

पहिले तीन-चार टप्पे फार सुंदर झाले. सुधाकर पुढे, मी मागे. तो एका मोठ्या झाडाच्या खालच्या बाजूला जाऊन थांबला. त्याची लाल टोपी दिसत होती. "ये!" अशी त्याची हाक आली. तेवढ्यात वास आला आणि पोटातून ते वर सरकलं.

मी भानावर आलो तेव्हा तिथेच उभा होतो. किती वेळ गेला ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही माहीत नाही. फिटनंतर माणूस लगेच पूर्ण जागा होत नाही. डोळे उघडे असतात, हातपाय चालतात, पण कशाचा कशाशी संबंध लागत नाही. लाल टोपी दिसत नव्हती. मी तिला शोधलंही नाही. डावीकडे जुनी वाट होती तिने खाली गेलो, लिफ्टच्या रांगेत उभा राहिलो, आणि एकटाच वर जायला निघालो. लिफ्टवर शेजारची जागा रिकामी दिसली, तेव्हा मला सुधाकर आठवला.

वर पोहोचून मी बचावपथकाच्या माणसांना गाठलं. ते लगेच निघाले. नक्की कुठे, हे मला नीट सांगता आलं नाही. त्यांच्या खोलीत एका बाकावर मला बसवलं. कुणीतरी खांद्यावर ब्लॅंकेट टाकलं.

बऱ्याच वेळाने पथकातली एक बाई आत आली. गुडघ्यांवर टेकून माझ्या समोर बसली, हातमोजे काढले आणि माझे हात धरले. सुधाकर झाडाच्या खड्ड्यात सापडला होता, डोकं खाली. त्यांनी खूप प्रयत्न केले होते. मग ती म्हणाली, "तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. तो खाली जात नव्हता. उताराला आडव्या स्की करून तो वर चढत होता. बर्फात पायऱ्या दिसत होत्या. झाडाजवळून वर येताना कड ढासळली. मला वाटतं, तो तुमच्याकडे परत येत होता."

त्यानंतर त्या खोलीत मला मोठी फिट आली. हातपाय झाडणारी, माझ्या मावशीसारखी.

हॉस्पिटल

जाग आली ती हॉस्पिटलमध्ये. जीभ चावली गेली होती. पलंगाच्या कठड्यांना उशा बांधल्या होत्या, मी आपटू नये म्हणून. डोक्याला वायरी चिकटवल्या होत्या. निर्मला उशाशी होती आणि तिच्या मागे कोट न काढता शालिनीवहिनी उभ्या होत्या. निर्मलाच त्यांना बर्फातून गाडी चालवत घेऊन आली होती.

डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी विचारलं, "असं पूर्वी कधी झालं होतं? कोरा क्षण, विचित्र वास, काहीही?"

मी निर्मलाकडे बघितलं नाही. म्हणालो, "नाही."

ते म्हणाले की मोठ्या फिटच्या आधीच्या काही तासांची आठवण पुसली जाऊ शकते, स्वतःला त्रास देऊ नका. त्यांनी मला धीर द्यायला ते सांगितलं. मी त्याच्या आडोशाला बसलो. मला सगळं आठवत होतं.

डॉक्टर गेल्यावर शालिनीवहिनी पुढे आल्या. "भावजी, नेमकं काय झालं?"

मी म्हणालो, "तो पुढे गेला होता."

त्यांनी डोळे मिटले. "गेलाच असणार," त्या म्हणाल्या. "कधी कुणासाठी थांबलाय तो?"

तिथे मी बोलायला हवं होतं. त्यासाठी फार धैर्यही लागलं नसतं, एक वाक्य पुरलं असतं. मी उशीवर मान फिरवली. आजारी माणसाला मान फिरवायची मुभा असते.

हॉस्पिटलचे ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पहाटे रक्त घ्यायला येणारी गाडी, तिच्या एका चाकाची कुरकुर. बाथरूमला जाताना दारात उभी असलेली नर्स. निर्मलाने थर्मासमधून आणलेला मऊ भात. निघायच्या आदल्या दिवशी एका नर्सने कोमट पाणी आणलं आणि माझ्या केसांतला वायरींचा चिकटा कंगव्याने काढत बसली. तिला दुसरी कामं असणार. पण ती सावकाश, एकेक केस सोडवत राहिली. मी रडायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "मित्र गेलाय ना तुमचा. रडा." कुणी माझ्यावर दया करतंय हे मला तेव्हा सोसत नव्हतं, पण तिचा हात बाजूला करावा असंही वाटलं नाही.

सुधाकरच्या अंत्यविधीला मी व्हीलचेअरवरून गेलो. त्याचा मुलगा निखिल टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आला होता. लोक मला भेटून म्हणत होते, "सुधाकर बेधडक होता हो. स्वभावच तसा." "ह्या वयात एवढं पुढे जायचं कशाला?" मी कुणाला काही बोललो नाही. निखिल माझ्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, ही शुड हॅव वेटेड फॉर यू." तो बापाच्या वतीने माझी माफी मागत होता.

घर

गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही महिने पाय फाकवून चालावं लागायचं, नावं आठवायची नाहीत, आणि राग फार यायचा. ज्यांना हे नवीन आहे त्यांना सांगतो, यातलं बरंचसं कमी होतं. डॉक्टरला सांगितलं तर डोस बदलतात. बाथरूमला आतून कडी लावू नका. शिडीवर चढू नका. आणि घरच्यांना वासाबद्दल, चमक दिसते त्याबद्दल, जे काही आधी होतं त्याबद्दल सांगून ठेवा.

लायसन गेलं. निर्मला मला भाजीला, दवाखान्याला, लायब्ररीत नेऊ-आणू लागली. मी दिसलो नाही तर ती हाक मारायची. मी "आहे" म्हणेपर्यंत तिच्या आवाजात जे असायचं ते ऐकून मला लाज वाटायची.

मार्चमध्ये अमेयचा व्हिसा झाला आणि तो परत आला. एका संध्याकाळी डबा घेऊन दारात उभा. "काका, सॉरी हं, फार उशीर झाला. चालतं ना?" निर्मलाने त्याला चहा दिला, निरोप दिला आणि डबा उघडला. मी आतल्या खोलीत होतो. ती गोळ्यांची पट्टी हातात घेऊन आली. दुसऱ्या हातात हॉस्पिटलने दिलेली बाटली होती.

"दोन्हींवर एकच नाव आहे."

मी पट्टी घ्यायला हात पुढे केला, तिने ती दिली नाही.

"हा आजार जानेवारीत झाला ना? मग अनंताभाऊजींनी डिसेंबरातच कशा दिल्या?"

मग मी तिला सांगितलं. दुधाचं, गाडीचं, अर्ध्या केलेल्या गोळ्यांचं. ती पलंगाच्या कडेला बसली. "म्हणजे ते दूध," ती म्हणाली. "मी तुम्हाला बोलले होते." तिला आधी तेच आठवलं. थोड्या वेळाने म्हणाली, "गाडी चालवत होतात तुम्ही. आपली नात मागे बसायची."

डॉक्टरांना आम्ही दुसऱ्या आठवड्यात जाऊन खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, नोंद बदलली, डोस बदलला. खरं सांगितल्याने माझी तब्येत सुधारली, हे विचित्र वाटेल पण तसंच झालं. शालिनीवहिनींना सांगायचं राहिलं. निर्मला म्हणाली, "ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगायचं." त्या घर विकून निखिलकडे फ्रिस्कोला निघून गेल्या. मी सामान बांधायलाही गेलो होतो. खोक्यांना टेप लावली, आणि काही सांगितलं नाही.

आणि पथकातल्या त्या बाईने सांगितलेलं मी निर्मलापाशीही बोललो नव्हतो.

रस्त्याच्या कडेला

मेळाव्यातलं माझं भाषण २००७च्या शरद ऋतूत झालं. बोलता बोलता मी परत तेच म्हणालो, काही लक्षण नव्हतं, अचानक झालं. का म्हणालो? समोर ओळखीची माणसं होती आणि वाक्य पाठ होतं, एवढंच. टाळ्या पडत होत्या तेव्हा निर्मला मांडीवर हात ठेवून बसलेली मला दिसली.

परतताना पाऊस होता. ती गाडी चालवत होती. 

"छान बोललात," ती म्हणाली.

"टोमणा मारू नकोस."

"टोमणा कसला. शालूचा फोन आला होता सकाळी. निखिल सुधाकरभाऊजींचं नावही काढत नाही म्हणे. शालूने त्याच्या मुलीला आजोबांचा फोटो दाखवला तर हा म्हणाला, ही जस्ट टुक ऑफ. सारखं तेच. आणि शालू म्हणते, त्याचं काय चुकलं? माझाही राग जात नाही."

मी खिडकीतून बाहेर बघत होतो. मग मी म्हणालो, "तो पुढे गेला नव्हता."

"काय?"

"तो थांबला होता. मी आलो नाही म्हणून परत वर चढत होता. माझ्याकडे. त्यांनी मला सांगितलं होतं, त्याच दिवशी."

निर्मलाने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शेजारून ट्रक गेले की गाडी हलत होती.

"गोळ्यांचं एकवेळ समजते मी," ती म्हणाली. "माणूस घाबरतो. पण हे तुम्ही शालूच्या नवऱ्यावर घातलंत. तो मेल्यावर."

तिने परत गाडी सुरू केली.  सकाळी मी उठलो तेव्हा टेबलावर फ्रिस्कोला जायच्या विमानाची दोन तिकिटं छापून ठेवलेली होती.

फ्रिस्को

निखिलचं घर नव्या वसाहतीत आहे, सगळी घरं सारखी, झाडं अजून काठ्यांना बांधलेली. शालिनीवहिनींनी दार उघडलं. "भावजी, किती वाळलात," त्या म्हणाल्या आणि पोह्यांना लागल्या. मी म्हणालो, "वहिनी, आधी बसा. पोहे मग." निर्मला त्यांच्या शेजारी बसली, माझ्या नाही.

मी सगळं सांगितलं. क्रमाने, लिफ्टवरच्या वासापासून, त्याने दिलेल्या मोकळीकीपासून, मी मारलेल्या टोमण्यापासून. पायऱ्यांपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. कोणत्या पायऱ्या?"

"स्की आडव्या ठेवून एकेक पाऊल वर टाकायचं. त्याच्या खुणा बर्फात होत्या."

"गुडघा दुखत होता त्याचा."

"हो."

"त्या गुडघ्याने तो वर चढत होता?"

"हो, वहिनी."

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस बंद केला. तिथेच ओट्याला धरून उभ्या राहिल्या. निर्मला उठायला लागली तर तिला हातानेच नको म्हणाल्या. पाठ आमच्याकडेच ठेवून बोलल्या.

"दोन वर्षं मी ह्या माणसाशी भांडतेय. आंघोळ करताना, कपडे वाळत घालताना. तुला थांबायला काय झालं होतं? एवढी कसली घाई? रोज. वर्षश्राद्धाला गुरुजी मंत्र म्हणत होते आणि मी मनात भांडत होते." मग वळून म्हणाल्या, "तुमचा आजार मला कळतो. तो कुणालाही होतो. त्याच्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण तुम्ही हॉस्पिटलात माझ्या तोंडाकडे बघत होतात."

मी मान खाली घातली.

"मला सांगून उपयोग नाही," त्या म्हणाल्या. "निखिलला सांगा. तुमच्या तोंडाने."

त्यांनी त्याला ऑफिसातून बोलावून घेतलं. तो येईपर्यंत आम्ही तिघं तशीच बसलो होतो. निखिल आला, बापासारखाच उंच, बापासारखाच दारातून वाकून. मी परत पहिल्यापासून सांगितलं. त्याला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत देतो. तो उभाच राहिला.

"सो ही स्टॉप्ड," तो म्हणाला.

"थांबला होता. हाकही मारली होती."

"अँड ही वॉज कमिंग बॅक."

"हो."

त्याने आईकडे बघितलं. मग मला विचारलं, "व्हाय डिडन्ट यू जस्ट से सो, काका?" आवाज चढवला नाही. मी उत्तर शोधलं, पण माझ्याकडे भीतीशिवाय काही नव्हतं, आणि भीती हे त्याच्यापुढे ठेवण्यासारखं उत्तर नव्हतं. तो वाट बघत राहिला, मग मागच्या अंगणात निघून गेला. काचेतून दिसत होता. कुंपणाला हात टेकून उभा होता, खांदे हलत होते.

निघताना शालिनीवहिनी दारापर्यंत आल्या. "निर्मला, तू येत जा," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ आता. ज्या लोकांपुढे बोललात, त्यांच्यापुढे हे सांगा. सगळ्यांना माझा नवरा बेधडक वाटतो."

आता

माझी तब्येत बरी आहे. गोळ्या वेळेवर, पूर्ण, इथल्याच दुकानातून घेतो. वास शेवटचा कधी आला ते चटकन सांगता येत नाही, इतका काळ लोटला आहे. लायसन परत मिळालं आहे. निर्मलाला आवडत नाही म्हणून मी फार चालवत नाही. स्की देऊन टाकल्या. आजारामुळे नव्हे, डॉक्टरांनी सपाट उतारावर जायला हरकत नाही म्हटलं होतं. पण मला जायचं नाही.

ज्यांच्या बॅगेतून अशा गोळ्या येत आहेत त्यांनी उद्या सकाळी इथल्या डॉक्टरला फोन करावा. आजार लपवला की तो आपल्यापुरता राहत नाही. आपल्यासाठी जो कुणी थांबतो, त्याच्या वाट्याला तो जातो.

शालिनीवहिनी माझ्याशी बोलत नाहीत. मी अपेक्षाही ठेवलेली नाही. हा लेख छापायला देण्याआधी निर्मलाबरोबर त्यांना वाचायला पाठवला. त्यांनी तो ठेवून घेतला, निखिललाही वाचून दाखवला. दोन आठवड्यांनी निर्मला परत आली तेव्हा कागदांवर कुठेच खूण नव्हती. फक्त तोंडी एक निरोप होता. शेवटी मी लिहिलं होतं, की सुधाकर त्या झाडांतून मुकाट्याने वर चढत होता. शालिनीवहिनींनी सांगितलं, "ते तेवढं खोडा. मुकाट्याने तो आयुष्यात कधी जिना चढला नाही. गुडघ्याला, मनोहरला, बर्फाला शिव्या घालत चढत असणार. तसं लिहा."

मी ते खोडलं आहे. सुधाकर शिव्या घालत वर येत होता.